गोमाजीच्या नावाचा परवाना

कापडे गावाच्या वरच्या वाडीतला चांगू उतेकर भांडणाशिवाय दिवस मावळू देत नसे. कुणाचा नित्यनेम जपाचा असतो, कुणाचा तुळशीला पाणी घालण्याचा. चांगूचा नित्यनेम भांडणाचा. सकाळी बायकोशी चहातल्या साखरेवरून, दुपारी लाइनमनशी लोंबत्या तारेवरून, संध्याकाळी मुंबईच्या चुलतभावाशी, महिपतशी, फोनवरून. महिपतशी तर सतरा वर्षे एकच विषय चालू होता: घरामागच्या फणसाची एक फांदी नक्की कुणाच्या हद्दीत वाकते. पण देवाची करणी अशी, की ज्याच्या तोंडाला सारी वाडी भीत होती, त्याच्याच हातात वाडीने आपले सगळे कागद विश्वासाने ठेवले होते.

त्याचे कारण मुंबईत होते. फोर्टातल्या एका विमा कचेरीत चांगू शिपाई म्हणून लागला आणि सर्व्हरच्या खोलीचे दार सांभाळता सांभाळता आतली यंत्रेही सांभाळू लागला. चोवीस वर्षे साहेब बदलले, यंत्रे बदलली, चांगू राहिला. गुराख्याला गाईच्या हंबरण्यावरून तिचे दुखणे कळते, तसे याला हार्डडिस्कच्या घरघरीवरून तिचे आयुष्य कळे. एकोणीस साली नोकरी सोडून तो गावी परतला तेव्हा येताना घरात ठेवायचा एक लहानसा सर्व्हर घेऊन आला. चपलांच्या खोक्याएवढी काळी पेटी, आत दोन डिस्क. एक बिघडली तरी दुसरीवर सगळे शाबूत. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर त्याने ती बसवली. एकीकडे समई तेवे, दुसरीकडे पेटीचा हिरवा दिवा. त्याची बायको शकू म्हणायची, "समईत तेल घालायला इसरतील, पण त्या पेटीवरची धूळ पुसायला नाय इसरायचे."

दोन हिवाळे खपून त्याने वाडीतल्या एकतीस घरांचे कागद त्या पेटीत उतरवले. घरपट्टीच्या पावत्या, सातबारे, शाळेचे दाखले, रेशनकार्डे, कुणाच्या आजोबांचे पोस्टाचे पासबुक. प्रत्येक कागदामागे एक शिवी ठरलेली. "ह्यात सुकट गुंडाळून ठेवली हुतीस काय रे? वास येतोय स्कॅनरला." लोक हसत, ऐकून घेत आणि पुढचा कागद पुढे करत.

मग एकवीस सालचा जुलै आला. डोंगराला वरून भेग पडली, कडेची सात घरे चिखलाखाली गेली. माणसे आधीच देवळात जाऊन बसली होती म्हणून वाचली. पत्र्याच्या ट्रंका वाचल्या नाहीत. उरलेल्या घरांतही पाणी शिरून कागदांचा लगदा झाला. वाडीचे कागदोपत्री अस्तित्व उरले ते चांगूच्या फळीवर. तेव्हापासून वाडीत एक म्हण पडली: चांगूचं तोंड गटार, पण पेटी गंगा.

भेगाळलेल्या डोंगराखाली माणसे ठेवू नयेत, वाडी खाली सपाटीला न्यावी, असे ठरायला चार वर्षे गेली. अखेर तारीख लागली. जून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलादपुरात सुनावणी. त्या पावसाआधीपासून आपण इथेच राहत होतो, याचा कागद ज्याच्याकडे असेल त्याला खाली जागा. ज्याच्याकडे नसेल त्याने त्याच भेगेखाली पुढचा पावसाळा काढायचा. एकतीस घरांनी चांगूच्या दाराकडे पाहिले, आणि चांगू म्हणाला, "बघताय काय? रविवारी छापून देतो. रांग लावा आणि गोंगाट करू नका."

सुनावणीला बारा दिवस उरले असताना वळवाच्या पावसात लाइन गेली. तिसऱ्या दिवशी आली ती एवढ्या दाबाने आली की शकूचा मिक्सर, शेजारचा टीव्ही आणि चांगूची पेटी एका क्षणात गेली. जळका वास आला, हिरवा दिवा विझला. चांगूने पेटी उघडली, डिस्क काढल्या, लॅपटॉपला लावून ऐकल्या. डिस्क जिवंत होत्या. कुडी गेली होती, प्राण शाबूत होता. दुसरी एक प्रत मुंबईला महिपतच्या खोलीत ठेवायची असे कधी काळी ठरले होते. फणसाच्या फांदीने ते होऊ दिले नव्हते.

महाडच्या दुकानातून त्याच कंपनीची नवी पेटी आणली. जुन्या डिस्क आत सरकवल्या, वायर जोडली, आणि पडद्यावर अक्षरे उमटली: या डिस्क कुलूपबंद आहेत. मालकाच्या परवान्यानेच उघडतील. मालकाचे नाव: गोमाजी सोनबा उतेकर.

गोमाजी म्हणजे चांगूचा आजा. अठ्ठ्याण्णव सालीच तो देवाघरी गेला होता.

यात चांगूला काही विचित्र वाटले नव्हते, आणि वाडीत कुणालाच वाटले नसते. पेटी घेतली त्या दिवशी कंपनीने विचारले होते: मालकाचे नाव? घर गोमाजीच्या नावावर, विजेचे मीटर गोमाजीच्या नावावर, घरपट्टीची पावती गोमाजीच्या नावाने फाटते. महिपतचे आणि चांगूचे पटले असते तर वारसांची नावे लागली असती. आधी दोघांच्या बापांनी ते लांबवले, मग या दोघांचे पटले नाही, म्हणून गोमाजी सत्तावीस वर्षे कागदावर जिवंत होता. घरातली वस्तू घराच्या मालकाच्या नावावर, एवढ्या सरळ मनाने चांगूने आज्याचे नाव टाकले. जन्मतारीख विचारली तेव्हा वाडीतल्या सगळ्यांची असते ती टाकली, एक जून. परवाना कायमचा होता. त्यानंतर पेटी बदलायची झाली तर मेलवर येणारा एक आकडा टाकायचा, एवढीच तेव्हा अट होती.

पण यंदाच्या मार्चपासून कंपनीने धोरण बदलले होते. कायमचे परवाने कायम राहतील; मात्र नव्या पेटीवर न्यायचे तर मालकाने स्वतः समोर यावे. तसे तीन वेळा कळवलेही होते, इंग्रजीत, चौदा चौदा पाने. चांगूने माशी हाकलावी तसे तिन्ही वेळा खालच्या "मान्य" वर बोट मारले होते.

त्याने कंपनीला फोन लावला. पुण्याहून रुचिर नावाचा एक तरुण बोलत होता, आवाज इस्त्री केल्यासारखा.

"गोमाजी उतेकर आपणच का?"

"आजा माझा."

"मग त्यांना फोन द्याल का, सर?"

"देतो की. वरचा नंबर हाय काय तुमच्याकडं?"

"आमच्या नोंदीप्रमाणे त्यांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे सोळा आहे. म्हणजे ते आता एकशे आठ वर्षांचे..."

"अठ्ठ्याण्णव साली गेले."

"आणि परवाना एकोणीस साली घेतलाय. सर, गेलेल्या माणसाने परवाना कसा घेतला?"

"तुम्ही मालकाचं नाव इचारलंत. मी काय भाड्यानं राहतो म्हणून माझं नाव लिवू? आणि तुम्ही दर एक जूनला त्याला हॅपी बड्डे धाडता. तवा नाय इचारलंत, म्हातारा केक खातोय का."

रुचिर हसला नाही. हसण्याची त्याला परवानगी नसावी. त्याने शांतपणे वाट सांगितली, आणि ती वाट ऐकून चांगूच्या कपाळाची शीर उडू लागली. मृत्यूचा दाखला द्यायचा. मालकाच्या हयात वारसांची नावे द्यायची. त्यांतल्या एकाच्या नावावर परवाना होईल. बाकीच्या सर्वांनी सही करून त्यावरचा हक्क सोडायचा. आणि ज्याच्या नावावर होईल त्याने पेटीशेजारी उभे राहून व्हिडिओवर तिच्या पाठीवरचा क्रमांक दाखवायचा.

"वारस किती आहेत?"

"मी, महिपत," चांगू म्हणाला, आणि अडखळला. "आणि एक आत्या. पण तिचं हक्कसोडपत्र झालेलं हाय, रजिस्टर."

"ते जमिनीचं असेल, सर. या परवान्याचं नाही."

आत्याचाही हक्क उरतो, हे सव्वीस वर्षांत कुणी म्हणाले नव्हते, ते एका पगारी पोराने कागदात बघून म्हटले. चांगूने फोन ठेवला तो आपटून.

महिपतला फोन केला तर तो खदखदून हसला. "सुंदरा आत्याची सही आण आधी. ती आणलीस की माझी घरपोच."

"तुझं घर पण त्याच डोंगराखाली हाय रे, महिपत."

"र्‍हाऊ दे. घर गेलं तरी चालंल, पण तुझ्या कागदावर मी आधी सही केली असं वाडीत कुणी बोलता कामा नये."

देवाने माणसाला अंतःकरण दिले आणि त्यात स्वतः वस्तीला आला, असे आपण मानतो. मग त्या वस्तीत एवढी कुंपणे घालायला माणसाला जागा कुठून मिळते, कोण जाणे.

सुंदराबाई वरंधला राहत होती. चांगू एसटीने पोलादपूर, तिथून महाड, तिथून वरंध असा गेला. पिशवीत फॉर्म होता, पेन होते आणि शाईची डबी होती. म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळल्या चिंचेसारखी, ओटीवर भिजलेले वाल सोलत बसली होती. नातसून सारिका समोर सुपात साली गोळा करत होती.

"कोन?" म्हातारीने मान वर केली नाही.

"मी चांगू, आत्या."

"कुठला चांगू?"

"सोनबाचा." पणजोबाचेच नाव चांगूच्या बापाला ठेवलेले होते.

"सोनबा माझा भाऊ हुता. त्याला पोरगा हाय, ही खबर सव्वीस वर्सांत कुणी दिली नाय मला. सारिका, पाट दे गो त्याला. लांब दे."

चांगू लांबच्या पाटावर बसला. डोंगर, सुनावणी, पेटी, परवाना, सगळे त्याने सांगितले. तो वाईट बोलत नव्हता. पण विनवण्याची जिभेला सवय नसल्याने त्याची विनवणीही तगाद्यासारखी निघत होती. शेवटी त्याने फॉर्म पुढे केला, पेन ठेवले, आणि त्याच्याशेजारी शाईची डबी ठेवली.

म्हातारीचे हात थांबले. ती त्या डबीकडे बघत राहिली.

"डबी पण आणलीस," ती म्हणाली. "बापाला शोभतोस."

"अंगठा लागंल म्हणून..."

"मला सही येते आता. ह्या पोरीनं शिकवली. पण तुझ्या बापालाही असंच वाटलं हुतं, अंगठा लागंल म्हणून. बाप जाऊन सा म्हयने झाले हुते. भाऊबीजेला बोलावलं, ओवाळून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हाडला नेलं. साडी घ्यायला, म्हणाले. कचेरीच्या व्हरांड्यात बसवलं. इथं दे अंगठा, सुंदरे, बापाचं नाव कमी करायचा अर्ज हाय. मी दिला. एकानं पण वाचून दाखवलं नाय. साडी हिरवी हुती. मी नेसले नाय, गोधडीला लावली." तिने एक वाल सोलला. "तो कागद हाय काय तुझ्या पेटीत?"

खोटे बोलता आले असते. पण चांगूचा एक गुण देवाने राखून ठेवला होता: कागदाबद्दल तो कधी खोटे बोलला नव्हता.

"हाय."

"मग ऐक. मी कशावर पानी सोडणार नाय. एकाच्या नावावर होतं ना? माझ्या नावावर कर. तू सोड हक्क, आणि तो म्हैप्या सोडू दे."

"पेटी माझी," चांगू उसळला. "दोन हिवाळे मी खपलोय. वाडीचे कागद मी सांभाळलेत. तुझा काय संबंध?"

"जमिनीत माझी आई खपली. चाळीस वर्सं. तवा कुणी इचारलं नाय, कुणाचा काय संबंध. ऊठ. ही डबी घेऊन जा, नायतर म्हशीला टिळा लावायला ठेवीन."

चांगू उठला. डबी उचलताना त्याचे बोट शाईने बरबटले आणि ते महाडच्या स्टँडपर्यंत पुसले गेले नाही. गाडीत त्याने मनातल्या मनात म्हातारीला ज्या शिव्या दिल्या त्या कीर्तनात सांगण्यासारख्या नाहीत. पण प्रत्येक शिवीच्या शेवटी त्याला आपला बाप दिसत होता, व्हरांड्यात, बहिणीचा अंगठा धरून कागदावर टेकवणारा, आणि शिवी कुणाला लागते आहे हे त्याचे त्यालाच कळेनासे झाले.

घरी आल्यावर त्याने शकूला सांगितले. ती भात निवडत होती.

"पाच दिवस उरलेत," ती म्हणाली.

"म्हायती हाय."

"एकतीस घरं भेगेखाली ठेवाल, पण पेटीवर आत्याचं नाव लागू द्यायचे नाय. बरं. नका देऊ. मी जाते माहेराला. माझं हक्कसोड अजून झालं नाय, तिथं निदान एक कोपरा मिळंल."

"तोंड आवर."

"तुमच्याकडनंच शिकले."

चांगू देव्हाऱ्यापुढे जाऊन बसला. प्रार्थनेला नव्हे, तो देवाशीही भांडायला बसला होता. वाघजाईच्या टाकाकडे बघून म्हणाला की चोवीस वर्षे दुसऱ्याची यंत्रे सांभाळली, एक वस्तू स्वतःची म्हणून आणली, तीही आज्याच्या नावावर, आणि आता तीही आत्याच्या नावावर जाणार. मग माझे काय? समई तेवत होती. शेजारी काळी पेटी निमूट होती. देव बोलत नाही. तो ज्याला उत्तर द्यायचे त्याला एकटे बसवतो. बसून बसून चांगूच्या ध्यानात एवढे आले, की पेटीत त्याचे स्वतःचे म्हणावे असे जवळजवळ काहीच नव्हते. तीस घरांचे कागद दुसऱ्यांचे. एकतिसाव्या घराचे, म्हणजे त्याचे, त्यांत सगळ्यात ठळक कागद तो, ज्याच्यावर एक निळा अंगठा होता. जे आपले नाहीच ते सोडताना एवढा जीव का जातो, हे त्याला उमजले नाही. जीव मात्र गेला. मग त्याने सारिकाला फोन लावला आणि दोन शब्दांत सांगितले: "या म्हणावं."

महिपत मुंबईहून आला तो चांगूच्या बोलावण्याने नव्हे, स्वतःच्या हौसेने. ओटीवर पाय ठेवताच म्हणाला, "तुझं नाक कापलं जाताना बघायला मी भाडं भरून आलो असतो. तू तर वर सहीचा मान पण देतोस."

"बस, आणि फणसाकडं बघू नको," चांगू म्हणाला.

शुक्रवारी दुपारी जीप वाडीच्या खालच्या वळणावर थांबली. सारिकाचा हात धरून सुंदराबाई चढण चढून आली. सव्वीस वर्षांनी ती बापाच्या अंगणात उभी होती. शकूने पायावर पाणी घालायला तांब्या आणला; म्हातारीने पाय मागे घेतले. "पानी नको. मी पाव्हणी नाय आज." ती आत गेली, देव्हाऱ्याला हात जोडले, पेटीकडे बघितले आणि खाली बसली.

"वाच," ती सारिकाला म्हणाली. "समदं वाच. मराठीत."

चौदा पाने होती. सारिका बारावी शिकलेली. अडत, चाचपडत, एकेक कलम मराठीत करून सांगत होती. महिपत जांभया देऊ लागला. चांगूने आयुष्यात पहिल्यांदा त्या अटी ऐकल्या, ज्या त्याने तीन वेळा मान्य केल्या होत्या. परवाना माणसाला मिळतो, पेटीला नाही. तो विकता येत नाही, दान देता येत नाही. जुन्या परवान्याला सुरक्षिततेपुरते अपडेट मिळतील, नव्या सोयी मिळणार नाहीत. नव्या सोयी हव्या असतील तर जुना परवाना कायमचा टाकून दर वर्षीचा घ्यावा लागेल, आणि एकदा टाकला की परत मागता येणार नाही. प्रत्येक अपडेटला मालकाची संमती लागेल. तिचा आकडा मालकाच्याच फोनवर येईल.

"आणि कंपनी हे नियम कधीपण बदलू शकते," सारिका म्हणाली.

"आपल्याला इचारून?"

"नाय. कळवून फक्त."

"आणि आपण बदलू शकतो?"

"नाय."

म्हातारीने मान डोलावली. "म्हंजे भाऊच हाय ही कंपनी. चल, पुढं वाच."

वाचून झाले. कागद आता चांगूचा नव्हता, म्हणून महिपतने तो ओढला, सही ठोकली, चांगूकडे सरकवला. चांगूने सही केली. त्या दोन सह्या एका कागदावर सतरा वर्षांनी आल्या होत्या, आणि दोघांनीही एकमेकांच्या सहीकडे बघितले नाही. मग सुंदराबाईने पेन घेतले. जीभ दातांत धरून, पाटीवर अक्षर गिरवावे तसे तिने नाव लिहिले, सुंदरा गोमाजी उतेकर. सासरचे नाव लिहिलेच नाही.

"आत्या, आधार कार्डावर सासरचं नाव असंल," चांगू म्हणाला.

"कार्डावर दोन्ही हायेत. सारिकानं लावून घेतली. तुझ्या आधी मी कागदाला लागलेय रे."

मग व्हिडिओ लागला. पडद्यावर रुचिर आला, गळ्यात पट्टा, मागे पांढरी भिंत.

"आजी, पेटीच्या मागचा क्रमांक कॅमेऱ्यासमोर धराल का?"

"धरते. आधी सांग, माझ्या बापाला वाढदिवसाला शुभेच्छा धाडायचास तो तूच काय?"

"ते आपोआप जातं, आजी."

"आता बंद होईल?"

"हो. नोंद बदलली की बंद."

"परवा एक जून हाय. एवढी धाड. मग बंद कर."

रुचिरने गळ्यातला पट्टा सरळ केला. मग म्हणाला, "बघतो, आजी." एवढ्या सगळ्यात त्याच्या आवाजाची इस्त्री मोडली ती त्या एका क्षणी. क्रमांक जुळला. सारिकाच्या हातातल्या म्हातारीच्या फोनवर आकडा आला, म्हातारीने तो वाचला, चांगूने टाकला. पेटीत डिस्क फिरू लागल्याची घरघर झाली आणि हिरवा दिवा लागला. दारात उभ्या असलेल्या वाडीतल्या बायांनी आपसूक हात जोडले. समईला की पेटीला, ते त्यांनाही सांगता आले नसते.

"आता माझा कागद दाखव," सुंदराबाई म्हणाली.

चांगूने तो लॅपटॉपवर उघडला. पिवळा पडलेला स्टँपपेपर, खाली निळा अंगठा. म्हातारी पुढे झुकली. तिने आपला उजवा अंगठा पडद्यावरच्या अंगठ्याशेजारी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"तवा किती भरलेला हुता," ती म्हणाली. आणि मग लगेच, कोरड्या आवाजात: "ह्याच्या दोन प्रती काढ."

"दोन कशाला?"

"एक मला, एक वकिलाला."

महिपत ताडकन उठला. "आत्या, हे ठरलं नव्हतं."

"तवा पण ठरलं नव्हतं," म्हातारी म्हणाली आणि साडीचा पदर सावरत उठली. चांगूने महिपतकडे बघितले. महिपतच्या चेहऱ्यावर आपलीच भीती त्याला दिसली, आणि सतरा वर्षांत प्रथमच त्याला चुलतभावाशी भांडावेसे वाटले नाही. त्याने प्रिंटर लावला. दोन प्रती काढल्या. घडी घालून त्या म्हातारीच्या हातात दिल्या.

"तिसरी पण देऊ?" त्याने विचारले. "पावसात भिजंल एखादी."

"दे," ती म्हणाली. पाणी मात्र तिने जातानाही घेतले नाही.

रविवारी वाडीची रांग लागली. चांगूने शिव्या देत देत एकतीस घरांचे कागद छापले. सोमवारी पोलादपुरात एकेक नाव पुकारले गेले, एकेक कागद टेबलावर गेला, आणि संध्याकाळी वाडी खाली उतरायला मोकळी झाली. एकतीस घरांची एकतीस नावे यादीत लागली. गोमाजीच्या घराच्या रकान्यात कारकुनाने वारस विचारले तेव्हा चांगूने तीन नावे सांगितली. महिपत शेजारीच उभा होता. तो ओठ चावत राहिला, पण हरकत घेतली नाही.

म्हातारीने वकिलाकडे कागद दिला की नाही, हे अजून कुणाला ठाऊक नाही. विचारले तर ती म्हणते, "नोटीस येईल तवा कळंल." चांगू त्यामुळे पोस्टमन दिसला की आधी त्याच्या हातातली पाकिटे बघतो. पण महिन्या-दोन महिन्यांनी पेटीला अपडेट येते, आणि मग त्याला वरंधला फोन करावाच लागतो. सारिका फोन म्हातारीच्या कानाला लावून देते.

"आत्या, आकडा आला असंल."

"आलाय. कशाचा हाय हा?"

"सुरक्षेचा. जुना परवाना तोच राहतो. नवीन काय नाय."

"वाचून दाखव."

चांगू वाचतो. तीन पाने, चार पाने, कधी सहा. मध्येच ती हटकते, हे परत सांग म्हणते, तो दात ओठ खात परत सांगतो. मग ती आकडे सांगायला लागते. चार, नऊ, शून्य. आणि तिसऱ्या आकड्यावर थांबते.

"थांब जरा. भाकर करपतेय."

फोन पाटावर ठेवल्याचा आवाज येतो. चुलीवरून भाकरी उलटल्याचा, हाताने थोपटल्याचा आवाज येतो. चांगू कापड्याला देव्हाऱ्याशेजारी बसून असतो, कानाला फोन, बोट चौथ्या आकड्याच्या जागेवर. तोंडाने पुटपुटत असतो ते नाम नव्हे. पण तो फोन ठेवत नाही. आकडा येईपर्यंत तसाच बसून राहतो.